मार्टिनाच्या अंगणातली भेटवस्तू

१

औषधांच्या कपाटावर, हातमोज्यांच्या खोक्यामागे तो टॅब सापडला तेव्हा सेसिलिया आधी हसली. तिला वाटलं, ब्रिजेटनं आपल्या लेकीला चित्रं दाखवायला आणला असेल आणि तिथे विसरली असेल. मग मी तो उलटा केला. मागे निळं चिन्ह होतं, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं. त्याच कंपनीची निविदा बंद पाकिटात सेसिलियाच्या टेबलाच्या खणात पडून होती.

तिचं हसू मावळलं. "वेरोनिका, हे माझं नाही," ती म्हणाली. "कुणी ठेवलं तेही मला माहीत नाही."

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण मला पगार मिळतो तो विश्वास ठेवण्याचा नाही. या खाडीपट्ट्यातले सगळे दवाखाने आमची संस्था चालवते. तिचं कार्यालय बेथेलला आहे, आणि कुठल्या गावात नियमांची भानगड झाली की मला छोट्या विमानात बसवून तिकडे पाठवतात. पाठीमागे मला नियमबाई म्हणतात. काही जण तोंडावरही म्हणतात.

या कांगिरनाक गावाला रस्ता नाही आणि डॉक्टरही नाही. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांच्या वाटा, समुद्राकडे तोंड करून बसलेली घरं, आणि मधोमध दवाखाना. दवाखान्यात दोन आरोग्यसेविका: मोठी सेसिलिया, धाकटी ब्रिजेट. बाकी सगळी भिस्त भिंतीवरच्या पडद्यावर. पडद्यापलीकडे दूर अँकरेज शहरातले डॉक्टर बसतात, छातीचे ठोके ऐकतात, घसा बघतात आणि काय करायचं ते सांगतात. अशा जागी इंटरनेटचा दर इतका की दवाखाना विकला तरी वर्षाचं बिल भागणार नाही. म्हणून शहरातला दर आणि इथला दर यांतला फरक सरकार भरतं. अट एवढीच, की कंपन्यांना उघडपणे बोलवायचं, ठरलेले दिवस थांबायचं आणि मग निवडायचं. निवडणाऱ्यानं या काळात कुठल्याही कंपनीकडून काही घ्यायचं नाही. कपभर कॉफी चालते, टॅब चालत नाही. घेतल्याचं सिद्ध झालं तर त्या वर्षाची सगळी मदत थांबते.

या वर्षी निविदा दोन होत्या. एक जुन्या टॉवरवाल्या कंपनीची, दुसरी या निळ्या चिन्हवाल्यांची. निवड सेसिलियानं करायची होती.

आणि राजधानीतल्या तक्रारीच्या फोनवर कुणीतरी बोललं होतं. आवाज कापडाआडून आलेला, बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हतं. माझ्या साहेबांनी मला तो मजकूर हसत हसत ऐकवला, कारण त्यातलं अर्धं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. गावातल्या मार्टिनाआजीच्या नातवानं समुद्रावरच्या शिकारीत आपला पहिला सील मारला. त्याची पार्टी झाली, मार्टिनानं ओट्यावरून वस्तू फेकल्या. कंपनीच्या माणसानं त्यांत गुपचूप एक टॅब घुसवला होता आणि तो नेमका सेसिलियाच्या हातात पडला. आता तो औषधांच्या कपाटावर आहे. एवढं सांगून फोनवरचा आवाज पुढे म्हणाला होता की सेसिलिया त्या घरच्या नात्यातली नाही, रक्तानं नाही आणि लग्नानंही नाही, त्यामुळे ती अंगणातच होती.

"नात्याचं मधेच काय काढलंय?" साहेबांनी विचारलं होतं. मी बघते म्हणाले. मी याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावची. आमच्याकडे पोराचा पहिला सील आला की घरच्या बायका ओट्यावर उभ्या राहतात आणि सीलचं मांस, चरबी, टॉवेल, पातेली, गोळ्या सगळं खाली फेकतात. अंगणात झेलायला उभ्या असतात त्या बाहेरच्या बायका. घरची बाई अंगणात उभी राहत नाही. आपल्याच घरचं आपणच झेललं तर दिलं कुणाला?

तक्रारीत काय म्हटलंय ते कुणालाही सांगायचं नाही, असा नियम आहे. म्हणून मी सेसिलियाला कपाट बघू दे, एवढंच म्हणाले होते.

ती खुर्चीत बसली. स्वतःच्या नोकरीचं अवाक्षर तिनं काढलं नाही. "मदत थांबली तर जुलैपासून हा पडदा बंद," ती म्हणाली. "लुसीचं काय करायचं?"

लुसी म्हणजे ब्रिजेटची मुलगी. दिवस भरायच्या आत जन्मलेली आणि छातीची अधू. दर आठवड्याला अँकरेजचे डॉक्टर पडद्यावरून तिचा श्वास ऐकतात, म्हणून ती गावात राहू शकते. पडदा गेला तर ते एवढंसं पोर विमानात घालून कायमचं शहरात न्यावं लागणार होतं.

२

कंपनीचा माणूस अजून गावातच होता. मी आले त्या विमानात त्याला जागा मिळाली नव्हती, त्यानंतर धुक्यामुळे विमान आलंच नव्हतं आणि तो शाळेच्या वाचनालयात जमिनीवर झोपत होता. त्याचं नाव कॉलिन. हसरा, गुबगुबीत तरुण, पायांत शहरातले बूट. फळ्यांवरून घसरून एकदा तो दलदलीत बसला होता आणि ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

टॅब पुढे ठेवल्यावर त्याचा रंग उडाला. आधी तो म्हणाला, आमच्या कंपनीचे टॅब तर कुठेही मिळतात. मी टॅब त्याच्याकडे आणखी सरकवला. तेव्हा तो खरं बोलू लागला.

शाळेच्या हॉलमध्ये त्यानं गावाला बोलावून उपग्रहाचं इंटरनेट दाखवलं होतं. दाखवायला टॅब आणले होते, ते हातोहात फिरले. आवरताना एक कमी भरला. त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाले असते, बाई? कॉलिननं निविदा उघडायच्या आधी गावात टॅब वाटला. माझी नोकरीच गेली असती. म्हटलं, हरवला तर हरवला."

मार्टिनाच्या पार्टीबद्दल विचारलं तर त्याचा चेहरा खुलला. वस्तू उडताना पाहून तो बिचारा अंगणात घुसला होता. त्याच्या डोक्यावर एक टॉवेल पडला, तो त्यानं झेललाही. तोच दोन बायकांनी त्याला कॉलर धरून बाहेर काढलं आणि बाकीच्या पोट धरून हसल्या. बायकांच्या या कार्यक्रमात पुरुषाचं काम नसतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"मला वाटलं, ज्याच्या हाती लागेल त्याचं," तो म्हणाला. "ओट्यावरच्या बायका आणि अंगणातल्या बायका वेगवेगळ्या असतात का?"

मी हो म्हटलं. का वेगवेगळ्या, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ओट्यावर कोण होतं हे विचारलं, तर म्हणाला, टॉवेलखाली डोकं असताना काय दिसणार. मग निघताना मी विचारलं, हॉलमध्ये टॅब सगळ्यांत जास्त वेळ कुणाच्या हातात होता. तो चटकन म्हणाला, "टॉवरवाल्याच्या. सोडतच नव्हता."

३

टॉवरवाला म्हणजे डॉमिनिक, ब्रिजेटचा नवरा. गावाबाहेरच्या त्या लोखंडी टॉवरची देखभाल तो करायचा. बर्फ फोडायचा, जनरेटर चालू ठेवायचा. गावात पगाराची कामं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतलं हे एक. उपग्रहवाले आले की टॉवरवाले जाणार आणि त्यांच्याबरोबर डॉमिनिकचा पगारही जाणार, हे सांगायला कुणा नियमबाईची गरज नव्हती.

तो घरासमोर मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होता. मला पाहून त्यानं सुई खाली ठेवली नाही.

"या, नियमबाई. जाळ्याची भोकं मोजायला आलात का? नियमात बसतात बघा सगळी."

"हॉलमध्ये तू टॅब धरून बसला होतास म्हणे."

"बसलो होतो. ज्याच्यापायी माझी भाकरी जाणार ते नीट बघू नको? बघितलं आणि पुढे दिलं." मग तो माझ्याकडे बघून हसला. "चोरायचाच असता तर एकच कशाला चोरला असता? घरात माणसं पुष्कळ आहेत."

टॅब हरवल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, कॉलिन शाळेत दोन दिवस बाकांखाली वाकून वाकून शोधत होता, पोरांनी आख्ख्या गावाला सांगितलंय. हे खरं निघालं. मी नंतर पोरांना विचारलं.

पार्टीच्या दुपारी तू कुठे होतास, असं विचारलं. "बाकीच्या पुरुषांबरोबर. वाफेच्या न्हाणीत," तो म्हणाला. "बायका एकमेकींवर पातेली फेकत असतात तेव्हा तीच एक सुरक्षित जागा."

"आणि ब्रिजेट?"

"दवाखान्यात, लुसीला घेऊन. सेसिलियाताई ओट्यावर असणार म्हटल्यावर दवाखाना कुणीतरी सांभाळायला हवा ना."

तो पुन्हा जाळ्याकडे वळला. मी मात्र तिथेच उभी राहिले. सेसिलिया ओट्यावर? तिचं आणि मार्टिनाचं नातं नाही हे मी बेथेलहून निघण्यापूर्वीच पाहून घेतलं होतं. दोघींची माहेरं वेगळी, सासरं वेगळी. डॉमिनिक बोलण्याच्या ओघात चुकला होता, की मला काहीतरी माहीत नव्हतं?

४

मार्टिनानं आधी खाऊ घातलं. वाळवलेला मासा, सीलचं तेल आणि अकुताक, म्हणजे बेरी घालून फेटलेली चरबी. तिच्या घरात न खाता काही विचारणं शक्य नव्हतं. ती सत्तरीची, बारीक चणीची, आणि घरातल्या सगळ्यांना तिच्या आवाजाचा धाक. नातवाच्या सीलबद्दल तिनं मला पूर्ण हकीकत सांगितली. त्यात सीलपेक्षा नातूच मोठा होता.

ओट्यावरून फेकायच्या वस्तूंच्या टोपलीत काय काय होतं, हे मी विचारलं. तिनं सगळं सांगितलं. टोपली तिनं स्वतः भरली होती आणि तिच्यातलं एकेक स्वतः फेकलं होतं. हरवलेल्या टॅबचं तिच्याही कानावर आलं होतं; त्यात शाळेच्या पाटीएवढी काचेची वस्तू असती तर तिला कळली नसती का, असं तिनंच मला विचारलं. शिवाय काच अंगणात फेकायची? खाली बायका उभ्या होत्या, एखादीचं डोकं फुटलं असतं.

"तुझ्याबरोबर ओट्यावर कोण होतं, आजी?"

"माझ्या सुना. माझी बहीण. आणि सेसिलिया."

सेसिलिया कशी, असं मी विचारलं. मार्टिनानं माझ्या ताटलीत आणखी एक माशाचा तुकडा टाकला आणि मग सांगितलं.

मार्टिनाची पहिली मुलगी नुकती चालायला लागली होती. एका हिवाळ्यात ताप आला, वादळात विमान उतरलं नाही आणि मुलगी गेली. बर्फ फुटायच्या आधी शेजारच्या घरात सेसिलिया जन्मली. आमच्याकडे गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर माणूसही परत येतं असं मानतात. सेसिलिया हे तिचं चर्चमधलं नाव. घरातलं जुनं नाव मार्टिनाच्या त्या मुलीचं.

"ते नाव मी मोठ्यानं घेत नाही," मार्टिना म्हणाली. "घेतलं की रडू येतं. आणि मी रडत बसले तर मासे कोण साफ करणार? पण घरात काही कार्य असलं की ती येऊन माझ्या बाजूला उभी राहते. तिला बोलवावं लागत नाही."

"हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"जुन्यांना आहे. नव्यांना कोण कशाला सांगायला जातं?"

मला गलबलून आलं, ते मी लपवलं नाही. पण माझं डोकं तोवर दुसरीकडे धावू लागलं होतं. फोनवरचा आवाज खोटं बोलत होता, हे आता नक्की होतं. सेसिलिया अंगणात नव्हतीच. आणि हे खोटं असं होतं की सांगणाऱ्याला ते शंभर टक्के सुरक्षित वाटलं होतं.

५

दवाखान्याकडे परत जाताना मी फळ्यांवरून मुद्दाम सावकाश चालले.

फोन करणाऱ्यानं नात्याचा मुद्दा स्वतःहून काढला होता. कुणी विचारलेलं नसताना. सेसिलिया घरची असती तर ती अंगणात उभी राहू शकली नसती, हे त्याला माहीत होतं, म्हणून ती घरची नाही याची त्यानं आधी खात्री करून घेतली होती. म्हणजे कॉलिन वगळावा लागला. त्याला वाटत होतं, ज्याच्या हाती लागेल त्याचं. नात्याचा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नसता, आणि स्वतःच्या कंपनीवर लाचेचा आळ घालून त्याला मिळणार तरी काय होतं?

मग डॉमिनिक. टॅब त्याच्या हातात होता, कारणही त्याच्याकडे होतं. पण तो याच गावात जन्मलेला. सेसिलिया ओट्यावर असणार हे त्यानं किती सहज सांगितलं. त्याला असा आळ रचायचा असता तर त्यानं हजार गोष्टी रचल्या असत्या, ही रचली नसती. गावातल्या कुणाही जुन्या माणसानं रचली नसती.

ज्याला रीत माहीत होती पण या गावातली जुनी दुःखं माहीत नव्हती, असं माणूस मला हवं होतं. आमच्याच किनाऱ्यावरचं, पण बाहेरून आलेलं. शिवाय त्या दुपारी अंगणात नसलेलं, नाहीतर सेसिलियाला ओट्यावर डोळ्यांनी पाहिलं असतं. आणि कपाटापाशी एकट्यानं उभं राहण्याची मोकळीक असलेलं.

असं माणूस कांगिरनाकमध्ये एकच होतं. मी तिला पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकलं होतं, कारण पडदा बंद झाल्यावर सगळ्यांत जास्त तिचंच जाणार होतं. मला आता स्वतःचाच राग येत होता, आणि आत जाऊच नये असंही वाटत होतं.

ब्रिजेट तपासणीच्या खोलीत उपकरणं पुसत होती. ती लग्न होऊन गेल्या उन्हाळ्यातच गावात आलेली, दोन गावं पलीकडून. काम सेसिलियानं शिकवलेलं. लुसी तिच्या पाठीवर झग्याच्या आत झोपली होती, फक्त डोक्याचं केसाळ टोक बाहेर. सेसिलिया एका म्हाताऱ्याच्या घरी गेली होती.

मी बसले. थोडं इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, मार्टिनाच्या पार्टीत सेसिलिया कुठे उभी होती.

"अंगणात," ब्रिजेट म्हणाली. "बाकीच्या बायकांबरोबर."

"तू पाहिलंस?"

"मी कशी पाहणार, बाई? मी इथे होते. पण अंगणातच असणार ना."

"ती ओट्यावर होती. मार्टिनाच्या शेजारी."

ब्रिजेटचा पुसणारा हात थांबला. "ओट्यावर कशी असेल?" ती म्हणाली. "ती त्या घरची कोण लागते?"

मी तिला सांगितलं. मार्टिनाच्या मुलीचं, वादळाचं, नावाचं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"तू चौकशी नीट केली होतीस," मी म्हणाले. "रक्तानं नाही, लग्नानं नाही. फोनवर तू हेच शब्द वापरलेस. नात्याचं सांगायची गरज शहरातल्या माणसाला वाटली नसती. याच गावात वाढलेल्यानं ते खोटं सांगितलं नसतं."

तिनं नाकारलं नाही. मी आजवर पुष्कळांना नाकारताना पाहिलंय. ती मात्र हळूच खुर्चीवर बसली, पाठीवरचं पोर जागं होऊ नये म्हणून पुढे वाकून.

डॉमिनिकनं टॅब पुढे दिला होता तो तिच्याच हातात. तेव्हाच तिच्या मनात आलं आणि तिनं तो झग्यात सरकवला. टॉवरचा पगार गेला तर तिच्या एकटीच्या पगारात भागणार नव्हतं, बेथेलला दिराच्या घरी जाऊन राहावं लागणार होतं, त्याच्या बैठकीच्या खोलीत, तिथल्या धुरात, लुसीला घेऊन. इथे स्वतःचं घर होतं, हवा होती, मासे होते, हाताशी दवाखाना होता. डॉमिनिकला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिनं तीनदा सांगितलं आणि मी ते मानलं.

"ताईंना काही होणार नाही असं वाटलं मला," ती म्हणाली. "त्यांनी मागितलं नव्हतं, वरून पडलं ते झेललं, एवढंच म्हणतील. कंपनीनं फसवून दिलं असं ठरेल आणि त्यांचं पाकीट बाद होईल. मग टॉवरवालेच राहतील."

"एक पाकीट बाद होत नाही, ब्रिजेट. घेतल्याचं सिद्ध झालं की आख्ख्या वर्षाची मदत जाते. कुठल्याच कंपनीला पैसे मिळत नाहीत."

तिला ते कळायला एक क्षण लागला.

"म्हणजे लुसीचा पडदा?"

मी मान हलवली. ती रडली नाही. तिनं पाठीमागे हात नेला आणि झग्यावरून पोरीला थोपटत राहिली, आणि ती झोपलेली असतानाही थोपटायची थांबली नाही.

६

मी खरं ते लिहून दिलं. कंपनीनं काही दिलं नव्हतं, सेसिलियानं काही घेतलं नव्हतं, टॅब दवाखान्यातल्याच एका सेविकेनं ठेवला होता. मदत वाचली. ब्रिजेटचं काम त्याच दिवशी थांबवलं गेलं आणि तिचं प्रमाणपत्र परत घेण्याची कारवाई सुरू झाली. ते माझ्या हातात नव्हतं. असतं तरी मी वेगळं केलं असतं का, हे मला सांगता येत नाही.

सेसिलियाला मी तिच्या घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही.

"वर्षभर ती माझ्या शेजारी उभी राहून काम करत होती," ती म्हणाली. "तिला या गावातलं कुणी काही सांगितलंच नाही. मीसुद्धा नाही. सुई कशी टोचायची ते मात्र सांगत बसले."

"तिनं तुला चोर ठरवायला घेतलं होतं, सेसिलिया."

"हो. ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. ते तिनं शांतपणे सांगितलं आणि मनापासून सांगितलं.

तिच्यावर आळ येऊन गेल्यामुळे पाकिटं तिनं न उघडता आमच्या कार्यालयानं उघडली. निळ्या चिन्हवाल्यांचा दर कमी होता आणि वेग जास्त. टॉवरवाल्यांनी उन्हाळ्यात जनरेटर उचलून नेला. डॉमिनिकला विमानपट्टीवर बर्फ काढण्याचं काम मिळालं. ते फक्त हिवाळ्यातच असतं. घर अजून सुटलं नव्हतं, पण सुटणार नाही असंही कुणी म्हणत नव्हतं. गावात कुणी त्याला टोमणे मारले नाहीत. ब्रिजेटशी मात्र बायका फारसं बोलत नव्हत्या.

नवी जोडणी नियमाप्रमाणे चालते की नाही हे बघायला मी जुलैच्या शेवटी पुन्हा गेले. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर ब्रिजेट लुसीला घेऊन बसली होती. इतर रोग्यांसारखी, आपली पाळी येईपर्यंत. आधी दर आठवड्याला लुसीच्या छातीवर यंत्र तीच लावायची. तिच्या हाताला लुसी रडत नसे.

सेसिलियानं दार उघडून त्यांना आत घेतलं. नियमाप्रमाणे मलाही आत बसावं लागलं. ब्रिजेट आत येऊन सवयीनं यंत्राच्या टेबलाकडे गेली, मधेच थांबली, आणि रोग्याच्या खुर्चीत जाऊन बसली. सेसिलियानं हात धुतले. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

पडद्यावर डॉक्टर आले. त्यांना कुणी काही कळवलेलं दिसत नव्हतं. "सुप्रभात, ब्रिजेट," ते म्हणाले. "आज तू नाही लावत?"

ब्रिजेट लुसीचं टोपरं सारखं करू लागली. माझी मान खाली गेली. मला वाटलं, आता सेसिलिया सगळं सांगणार, आणि तिला तो अधिकार होता.

"ती आज आई म्हणून आलीय," सेसिलिया म्हणाली. "कामावर मी आहे."

तिनं यंत्र लुसीच्या छातीला लावलं. परका हात लागताच पोरगी रडू लागली आणि रडण्यात श्वास काही ऐकू येईना. सेसिलिया थोडा वेळ थांबली. मग तिनं ब्रिजेटचा हात धरला, यंत्र ब्रिजेटच्या मुठीत दिलं आणि तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवून ते पुन्हा लुसीच्या छातीवर टेकवलं.

नियमांत हे बसत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

लुसी शांत झाली. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि भिंतीवरून तिचा श्वास खोलीभर ऐकू येऊ लागला.